वरून आजी दिसते का?

फोटोत एक भलंमोठं पाकट आहे, म्हणजे तो चपटा मासा. पांढरंफटक पोट काचेला लावून वर चाललेलं, खालच्या अंगाला ते हसरं तोंड, आणि त्या तोंडाच्या जरा खाली काचेत आईच्या चष्म्याचं प्रतिबिंब. फोटो आईनं काढलाय, त्यामुळे तो तिरका आहे आणि कोपऱ्यात तिचं बोट आलंय. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून खाली तिनं लिहिलंय, 'केवढं हे पाकट, अख्खी वाडी जेवेल.' फोटो छानच आहे. मला टोचली ती त्याच्या खालची वेळ. संध्याकाळचे ५:३२. कारण नेमकी त्याच वेळेला आई दुबई मॉलच्या मागे कारंज्याच्या तळ्याकाठी उभी राहून आम्हाला पिवळी ओढणी हलवून दाखवत होती. निदान ठरलं तरी तसं होतं. आणि बुर्ज खलिफाच्या १२४व्या मजल्यावरून माझ्या धाकट्यानं ती ओढणी पाहिलीसुद्धा होती.

शारजात राहणाऱ्यांचं बुर्जशी नातं जरा विचित्रच असतं. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी तो आमच्या बाल्कनीतून दिसतो, धुरळा असला की गायब होतो. म्हणजे हवा कशी आहे हे बघायला आम्ही त्याच्याकडे बघतो, तो बघायला म्हणून कधीच नाही. वर जायचं ते पाहुण्यांनी. आपण त्यांना तिकिटं काढून द्यायची, लिफ्टच्या रांगेत सोडायचं आणि ते येईपर्यंत मॉलमध्ये फिरत राहायचं, असं इतकी वर्षं चालत आलं होतं. तिकिटं काही स्वस्त नाहीत, आणि सूर्यास्ताच्या वेळेची तर आणखी महाग. या डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली, आई आली, आणि सगळं उलटं झालं. पाहुणी खाली राहिली, घरचे वर गेले. तिकिटाचा आकडा ऐकून आईनं मनातल्या मनात दिरहमचे रुपये केले आणि तिचा चेहरा पडला. पण पैशांचं ती बोलली नाही. म्हणाली, "वर जाऊन बघायचं काय? खाली आहे तेच ना? मग मी खालीच राहून बघते की." या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

धाकट्याला ते मान्य नव्हतं. तो सहा वर्षांचा आहे आणि आजीशिवाय कुठलीही गोष्ट झाली की ती झाली असं तो धरत नाही. रडारड होणार अशी चिन्हं दिसायला लागल्यावर आईनंच तोडगा काढला. मोठीच्या गळ्यातली पिवळी ओढणी काढून घेतली आणि म्हणाली, बरोब्बर साडेपाचला मी तळ्याकाठी उभी राहून ही हलवते, तू वरून हात हलव. त्यावर त्यानं दोनदा विचारलं, नक्की ना. तिनं दोनदा सांगितलं, नक्की. मग आम्ही निघताना, मुलं पुढे गेल्यावर, मला एकटीला हळूच म्हणाली, "आणि भाऊची बिल्डिंग दिसते का बघ हां वरून." भाऊ म्हणजे तिचा भाऊ, माझा मामा.

आत जाण्याचं वर्णन करत बसत नाही. मॉलच्या तळमजल्याखालून वाट आहे, रांग आहे, हिरव्या पडद्यासमोर उभं करून फोटो काढणारा मुलगा आहे, आणि तोच फोटो परतीच्या वाटेवर भरमसाट किमतीला विकायला ठेवलेला असतो. लिफ्टबद्दल मात्र सांगायला हवं. दार बंद होतं, अंधार होतो, भिंतींवर चित्रं सरकायला लागतात, आणि आपण वर चाललोय हे पायांना कळतच नाही. कळतं ते कानांना. सेकंदाला १० मीटर वेगानं एका मिनिटात १२४ मजले. मी दोघांच्या हातावर आधीच लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या होत्या. "गिळा, गिळा," म्हणत होते. मोठी गोळी हातात तशीच धरून आकडे म्हणत होती. ती अकरा वर्षांची आहे आणि तिच्याकडे अशा गोष्टींची एक वही आहे. ८२८ मीटर. १६३ मजले. काँक्रीट पंपानं ६०० मीटरच्याही वर चढवलं. काचांची संख्या २४ हजारांवर, त्या सगळ्या पुसून व्हायला तीन-चार महिने. शेवटी म्हणाली, "आणि वाऱ्यानं टोक दीड मीटर हलतं," आणि गप्प झाली. तो आकडा आपण लिफ्टमध्ये असताना आठवायचा नव्हता हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

वर गेल्यावर माझा सगळा अंदाज चुकला. मला वाटलं होतं धाकटा घाबरेल. तो सरळ काचेपाशी गेला आणि कपाळ, नाक, दोन्ही तळवे लावून उभा राहिला. त्या काचेवर अडीच-तीन फुटांच्या उंचीवर अशा नाकांचे आणि तळव्यांचे ठसेच ठसे होते, एकावर एक. माणसाच्या उंचीची काच स्वच्छ आणि खालचा पट्टा सगळा चिकट, धुरकट. कुणीतरी दिवसातून कितीदा पुसत असेल, पण पोरांपुढे त्याचं काय चालणार. मोठी मात्र आतल्या भिंतीला पाठ टेकवून उभी होती. पाठ म्हणजे अख्खी पाठ, टाचांपासून डोक्यापर्यंत. ये ना म्हटलं तर, "मला इथून दिसतंय," म्हणाली. तिथून तिला फक्त लोकांच्या पाठी दिसत असणार. किंबहुना त्याही नाही, कारण बहुतेक मंडळी दृश्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती, म्हणजे तिला त्यांचे चेहरे दिसत होते. धाकट्याला पडणं म्हणजे गुडघा फुटणं एवढंच माहीत आहे. मोठीला आता पडण्याचा अर्थ कळतो. शेजारी एक काका स्वतःच्या मुलीला हात धरून काचेपाशी ओढत नेत होते, आणि "अरे, हजारो रुपये भरलेत," असं हिंदीत म्हणत होते. मी आमच्या मुलीला भिंतीपाशीच राहू दिलं. भिंतीचेही पैसे तिकिटात होतेच.

खाली खरं तर बघण्याजोगं खूप होतं आणि काहीच नव्हतं. शेख झायेद रोडवरच्या गाड्या, मेट्रोची रेघ, समुद्रात ओतून ठेवलेले त्या 'वर्ल्ड' बेटांचे वाळूचे पुंजके, लांबवर धुक्यात अर्धवट पामचं बेट. उंचावरून गाव ओळखीचं असेल तर माणूस काहीतरी शोधत राहतो. दुबईत आपल्या ओळखीचं असतं ते म्हणजे एक ऑफिस, एक किराणा दुकान, एक सिग्नल जिथं नेहमी अडकतो. मी तो सिग्नल शोधला. सापडला नाही.

मोठीची आणखी एक योजना होती, आणि ती मला आवडली होती. तिनं कुठंतरी वाचलं होतं की २०११च्या रमजानात दुबईच्या मुफ्तींनी सांगितलं, बुर्जमध्ये ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५०व्याच्या वरच्यांनी तीन मिनिटं, कारण त्यांना सूर्य तेवढा वेळ जास्त दिसतो. एकाच इमारतीत, एकाच दिवशी, खालच्याचं सरबत पिऊन झालेलं असतं आणि वरचा अजून उपाशी. उंच गेलं की क्षितिज खाली सरकतं, एवढंच त्यातलं शास्त्र. तिचं म्हणणं, आजीचा सूर्य मावळला की आजीनं फोन करायचा आणि मग आपला मावळेपर्यंत आपण मिनिटं मोजायची. आजीचा फोन आला तो साधारण पाच वीसलाच. "गेला गं सूर्य." मोठी भिंतीला चिकटूनच ओरडली, "इतक्यात? कुठं गेला?" तर आई म्हणाली, "त्या हाटेलाच्या मागे." तळ्याच्या चारी बाजूंना टॉवर उभे असताना खालच्या माणसाला क्षितिज दिसणार कुठून, हे आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि वरचा सूर्यही काही नीट मावळला नाही. समुद्राच्या वर धुळीचा एक जाड भुरा पट्टा होता, त्यात तो शिरला, तांबूस झाला, मळका झाला, आणि कधी नाहीसा झाला ते कळलंच नाही. मोठीनं वहीत काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

साडेपाच वाजले.

"आता आजी," धाकटा म्हणाला, आणि बाहेरच्या बाजूच्या गच्चीत पळाला. तिथं काचांच्या मधे कॅमेऱ्याची भिंगं घालायला बारीक फटी आहेत, त्यातून गार वारा येतो. एका फटीला त्यानं डोळा लावला. खाली तळं निळं होतं, आजूबाजूच्या दिव्यांमुळे असेल, फारच निळं. काठावर आणि पुलावर माणसांचे ठिपके. कारंजं सुरू व्हायला अजून वेळ होता. तो काही क्षण गप्प राहिला, आणि मग एकदम किंचाळला, "दिसली! आजी दिसली! ती बघ पिवळी!" आणि उड्या मारायला लागला. दोन्ही हात वर करून, उडी मारून, परत उडी मारून. आसपासचे लोक वळून बघायला लागले. एका फिलिपिनो बाईनं त्याच्याबरोबर खाली कुणालातरी हात हलवला, उगाच, सोबत म्हणून. मी फटीतून पाहिलं. ठिपके होते. काही पांढरे, काही काळे. पिवळा होता का? होता म्हटलं तर होता. मग त्यानं माझा फोन हिसकावून आजीला लावला. "आजी, मी दिसलो?" आणि पलीकडून, कसल्यातरी गोंगाटातून, आईचा आवाज स्पष्ट आला, "दिसलास हो! उड्या मारत होतास ना?"

त्यानं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. कोर्टात साक्षीदार मिळालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

भाऊची बिल्डिंग मोठीनं शोधली. तिथं दुर्बिणी ठेवल्यात, त्यांत पडदे असतात आणि बटण दाबलं की त्याच जागेचं रात्रीचं आणि पूर्वीचं चित्रही दिसतं. पडद्यावर बघायचं म्हणजे काचेपाशी जायची तेवढी भीती नाही, म्हणून ती शेवटी भिंत सोडून तिथं आली. आधी तिनं पूर्वीचं चित्र लावलं, वाळू आणि मधोमध एक रस्ता, आणि म्हणाली, "इथं तर काहीच नव्हतं." मग आजचं लावून शेख झायेद रोड धरून ईशान्येकडे सरकत गेली. एमिरेट्स टॉवर्सचे दोन त्रिकोणी सुळके, आणि त्यांच्या पलीकडे, बाकीच्यांच्या कमरेएवढी, पांढरी, सगळ्या अंगावर काँक्रीटची जाळी असलेली एक इमारत. दुबई वर्ल्ड ट्रेड सेंटर. ३९ मजले. एके काळी त्या सगळ्या टापूत एकटी उभी होती, गावाबाहेर इतक्या लांब हे कशाला बांधलं म्हणून लोक हसले होते म्हणे. उद्घाटनाला इंग्लंडची राणी एलिझाबेथ आली होती. हे सगळं मोठीला वहीमुळे ठाऊक होतं. तिनं साल सांगितलं, १९७९, आणि पडद्यावरचा डोळा न काढता विचारलं, "पण आई, मामाआजोबा इथं आले तेव्हा तू पाळण्यात होतीस ना?"

मी १९८०ची.

'भाऊ दुबईला गेला तेव्हा तू पाळण्यात होतीस' हे वाक्य आईच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आणि 'भाऊनं दुबईत ती सगळ्यात उंच बिल्डिंग बांधली' हेही. दोन्ही वाक्यं आमच्या घरात एकाच माजघरात चाळीस वर्षं सुखानं नांदली. वजाबाकी कुणी केली नाही. मी इंजिनिअर बाई, मीही नाही. अकरा वर्षांच्या पोरीनं ती ४५२ मीटरवर उभं राहून एका दमात केली. "आतलं काम नंतर चालतं बराच काळ," मी म्हणाले. ते खोटंही नाही. "शिवाय शेजारी पुढे प्रदर्शनाचे हॉल वगैरे बांधले." तेही खरं. ती हं म्हणाली.

मामा शटरिंगचा सुतार होता. प्लाय आणि बल्ल्या लावून साचा उभारायचा, सळया बांधणारे आले, काँक्रीट ओतणारे आले, काही दिवसांनी आपला साचा आपणच खोलून काढायचा आणि वरच्या मजल्यावर न्यायचा. त्याच्या कामाचं पुढे काही शिल्लकच राहत नाही, हे मला फार मोठी झाल्यावर सुचलं. इमारत उभी राहते आणि सुताराचं लाकूड निघून जातं. तेव्हा मुंबईहून गल्फला 'द्वारका' बोट जायची, १९८२पर्यंत. मामाच्या बरोबरीचे काही त्या बोटीनं गेलेले. तो विमानानं गेला, याचं आजोळी फार अप्रूप होतं. दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा. टायगर बाम, निडोचा डबा, टँग, एक टू-इन-वन. आणि एका सुट्टीत त्यानं पाकिटातून शंभर दिरहमची नोट काढली, उलटी केली, आणि तिच्यावरच्या उंच इमारतीच्या चित्राखाली अंगठ्याचं नख टेकवून म्हणाला, "ही बघ माझी बिल्डिंग." नोटेवर छापलेली! आजीनं ती नोट वटवू दिली नाही. देवघरातल्या डब्यात कुंकवाच्या करंड्याखाली ती कितीतरी वर्षं होती, इतकी की तिच्या एका कोपऱ्याला लाल रंग चढला. गावात कुणी आलं की नोट बाहेर यायची. नखाची ती बारीक वळलेली खूण तिच्यावर राहिली होती, आणि मी बोट लावून ती चाचपून बघायचे.

पत्रापेक्षा टेपवर बोलून पाठवणं सोपं पडायचं. त्यासाठीच तो टू-इन-वन. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कॅसेट यायची, आणि आम्ही सगळे माजघरात बसून मामाचा आवाज ऐकायचो. खोली हवेशीर आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. जेवणाला मासे असतात रोज. मामा बोलत असताना मागे कुणीतरी मल्याळीत जोरजोरात भांडत असायचं, आणखी कुणीतरी खोकत असायचं, भांडी आपटायची. त्या हवेशीर खोलीत नक्की किती माणसं होती ते पुढे त्याच्या एका साथीदारानं सांगितलं, तेव्हा मामा हयात नव्हता. समुद्र बघायला खिडकी कसली. मग आमची उत्तराची कॅसेट. ती भरायचं काम आईकडे, ती बटणं दाबायची. आजी बोलायची, "मी बरी आहे हो, दमा आता अगदी कमी आहे," आणि खोकल्याची उबळ यायला लागली की हातानं खूण करायची. आई खटकन बटण दाबायची. आजी खोकून घ्यायची, पाणी प्यायची, मान हलवायची. परत बटण. "तर काय सांगत होते, अगदी बरी आहे." ऐकणाऱ्याला त्या टेपवर मधे मधे एक बारीकसा खट् ऐकू येत असणार. मामाला तो कळत नसेल असं मला आज वाटत नाही.

१२४वरून खाली उतरताना एका लांबलचक वाटेवर इमारत बांधणाऱ्यांची छायाचित्रं आणि हकिगती लावल्यात. लोक तिथं थांबत नाहीत, त्यांचं लक्ष आता जेवणाकडे असतं. मोठी थांबली. काम ऐन भरात होतं तेव्हा दिवसाला १२ हजार माणसं इथं राबत होती, बहुतेक सगळी आपल्याकडची, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ. उन्हाळ्यात काँक्रीट दिवसा ओतलं तर घट्ट होताना तडकतं म्हणून रात्री ओतायचे, तेही बर्फ घालून. मार्च २००६मध्ये याच जागी कामगार बिथरले होते, गाड्या फुटल्या, काम बंद पडलं. त्याचा फोटो मी तरी त्या वाटेवर पाहिला नाही. मोठी एकेक चेहरा बघत चालली होती. हेल्मेट, उन्हानं मिटलेले डोळे, गळ्याला गुंडाळलेला पंचा. "मामाआजोबा असतील का यात?" तिनं विचारलं. मामा बुर्जचा पाया खणायच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकातच, कायमचा गावी परतला होता. हे तिला माहीत होतं. तरी ती बघत राहिली, आणि मी तिला चल म्हटलं नाही.

आई ठरल्या जागी भेटली, म्हणजे लिफ्टच्या रांगेच्या दाराशी. ओढणी व्यवस्थित घडी करून पर्समध्ये ठेवलेली. धाकट्यानं तिच्या कमरेला मिठी मारली आणि आपण तिला कसं शोधलं ते सांगायला लागला. ती पुलाच्या उजव्या बाजूला होती. तिच्या शेजारी एक मोठा काळा माणूस होता. ओढणी तिनं डाव्या हातात धरली होती. आई प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती. "अगदी बरोबर. डाव्याच हातात. उजवा दुखतोय ना माझा." मला वाटलं, किती छान झालं. मग तिनं माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. मी म्हणाले, "दिसली. भाऊमामाची बिल्डिंग दिसली अगदी स्पष्ट." तिनं डोळे मिटून मान डोलवली. त्याबद्दल तिनं आणखी काही विचारलं नाही. कितवा मजला, कुठल्या बाजूला, काही नाही.

फोटो मी रात्री पाहिला, सगळे झोपल्यावर. दुबई मॉलमधलं ते मत्स्यालय, त्याची दर्शनी भिंत बत्तीस मीटरहून लांब, आत एक कोटी लिटर पाणी, आणि ती भिंत मॉलमधून फुकट दिसते. आई तिथं जाऊन उभी राहणार नाही तर कोण. फुकट, बसायला जागा, आणि आत मुशी आणि पाकटं. "हाटेलाच्या मागे" सूर्य गेल्यावर ती लगेच आत आली असणार. पाय दुखत असतील. वारा लागत असेल. फोनवरचा तो गोंगाट मत्स्यालयासमोरचा. कोणी उड्या मारतंय हे सांगायला तिला डोळ्यांची गरज नव्हती. तो कुठल्याही मजल्यावर उड्याच मारत असतो.

मग मी आणखी एक गोष्ट केली, जी करायची गरज नव्हती. हिशेब केला. ४५२ मीटर उंची, तळ्यापर्यंतचं आडवं अंतर धरून समजा ५०० मीटर. दोन मीटर लांबीची ओढणी त्या अंतरावरून किती मोठी दिसेल? हात लांब करून बोटांत धरलेल्या तिळाएवढी. आणि तीळ दिसतो. सहा वर्षांच्या डोळ्यांना तर सहज दिसतो. म्हणजे त्याला खरंच पिवळं काहीतरी दिसलं असणं पूर्ण शक्य आहे. एखाद्या बाईची साडी, कुणाच्या पोराचा फुगा. खालून वर मात्र काहीच शक्य नाही. काच आरशाची, संध्याकाळचं आकाश तिच्यावर उतरलेलं, आत माणूस असो की नसो. म्हणजे ज्यानं पाहिलं त्यानं भलत्यालाच पाहिलं, आणि जिनं पाहिलंच नाही तिचं वर्णन तंतोतंत बरोबर. हे मी कुणाला सांगणार होते? नवरा घोरत होता. त्याला उठवून सांगितलं असतं तर म्हणाला असता, मग काय झालं? आणि मलाही नीट सांगता आलं नसतं काय झालं ते. आईचा राग आला होता का? थोडा. आपण तिथं वर पोराला उंच धरून फटीतून दाखवतोय आणि बाई खाली पाकटाचं कालवण मनात शिजवतायत. पण त्या रागाखाली काहीतरी वेगळंच होतं, हेवा म्हणावा असं. मला कुणी विचारलं असतं, मी दिसलो का, तर मी एक क्षण थांबले असते. अगदी अर्धा क्षण. आई थांबली नाही. चाळीस वर्षांपूर्वी टू-इन-वनचं बटण ज्या बोटांनी दाबलं त्यांना हा सराव होता.

सकाळी चहा करताना मी विषय काढला. एवढंच म्हणाले, "पाकटाचा फोटो छान आलाय हं." आई चहात साखर ढवळत होती. "हो ना. किती वेळ बघत बसले," म्हणाली. आणि मग धाकट्याच्या खोलीकडे एकदा बघून, "तुम्ही वर होतात ना, तेव्हाच." झालं. लपवण्याची गरजही तिला वाटली नाही.

जानेवारीत शाळा सुरू झाली आणि आई परत गेली. पहिल्याच आठवड्यात मोठीला इंग्रजीच्या तासाला निबंध होता, कुटुंबातल्या एका व्यक्तीविषयी. मला वाटलं ती आजीवर लिहील. तिनं मामाआजोबांवर लिहिलं, ज्यांना तिनं कधी पाहिलं नाही. वही सहीसाठी माझ्याकडे आली तेव्हा मी उभ्या उभ्या वाचला. माझ्या आजीचा भाऊ सुतार होता. त्यानं दुबईचं वर्ल्ड ट्रेड सेंटर बांधलं. त्याला ३९ मजले आहेत. ते शंभर दिरहमच्या नोटेवर छापलं होतं. इंग्लंडची राणी उद्घाटनाला आली होती. बुर्ज खलिफाच्या १२४व्या मजल्यावरून, ४५२ मीटरवरून, मी ते पाहिलं, आणि तेव्हा आजी खाली उभी राहून आम्हाला ओढणी दाखवत होती. बाईंनी समासात 'उत्तम माहिती' असं लिहून शेजारी चांदणी काढली होती. आकड्यांची एवढी हौस असलेल्या मुलीनं सगळे आकडे घातले होते, साल तेवढं कुठं नव्हतं. मी पेन शोधलं आणि पालकांची सही लिहिलं होतं तिथं सही केली.